वार्ताहर कुणाचा?

कोणतेही मराठी दैनिक घ्या आणि बातम्यांचा मजकूर सोडून फक्त त्यांच्या सुरुवातीची बारीक अक्षरे वाचा. ‘वसई : प्रतिनिधी’, ‘विरार : वार्ताहर’, ‘पालघर : विशेष प्रतिनिधी’. आता देश-विदेशच्या पानावर या. ‘लंडन : वृत्तसंस्था’, ‘तेहरान : वृत्तसंस्था’, ‘वॉशिंग्टन : पीटीआय’. वसईत आपला माणूस आहे, तेहरानमध्ये संस्था आहे. नालासोपाऱ्यात पाण्याची मुख्य वाहिनी फुटली तर ती बघायला कुणीतरी चिखलात उतरतो. कुवेतमध्ये कामगारांच्या वसाहतीत आग लागली तर मराठीसाठी कुणीही उतरत नाही. आपल्याकडे येतो तो दुसऱ्याने दुसऱ्यासाठी लिहिलेल्या मजकुराचा अनुवाद.

परदेशात राहून बातम्या पाठवणाऱ्या पत्रकाराला मराठीत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न म्हणून भाषेच्या अभ्यासकांपुरता उरत नाही. शब्द बरेच आहेत, पण एकही बसलेला नाही. ‘विदेशी पत्रकार’ म्हटले की डोळ्यांसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला गोरा माणूस येतो. ‘परराष्ट्र प्रतिनिधी’ म्हटले तर तो दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारा बातमीदार आहे की एखाद्या देशाचा राजदूत, याचा उलगडा होत नाही. ‘परदेशस्थ वार्ताहर’ अचूक आहे, पण तो शब्द बोलताना कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. ‘लंडन प्रतिनिधी’ मात्र वाचायला सरळ वाटतो, कारण असा माणूस मराठी वृत्तपत्रांनी एकेकाळी खरोखर पाहिला होता. जिथे पद होते तिथे शब्द आपोआप रुळला आणि पद गेले तिथे शब्दही लटका पडला.

हाताशी असलेल्या तीन शब्दांत प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ‘बातमीदार’ हा शब्द वृत्तपत्रांच्या आधीपासूनचा. मराठ्यांच्या कागदपत्रांत ‘बातमी राखणे’ म्हणजे शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवणे. त्या अर्थाचा अवशेष आजही पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात सापडतो : ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून सापळा रचून...’ म्हणजे विरारमध्ये एकाच दिवशी एक बातमीदार पोलीस ठाण्याला खबर देतो आणि दुसरा पोलीस ठाण्यातून खबर घेतो. ‘प्रतिनिधी’ हा शब्द दरबारी आहे. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रतिनिधिपद निर्माण केले ते राजाच्या वतीने कारभार पाहण्यासाठी. ज्याचा प्रतिनिधी, त्याच्या वतीने तो उभा राहतो. आणि ‘वार्ताहर’ म्हणजे वार्ता वाहून नेणारा. तो कुणाच्या वतीने बोलत नाही, एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी पोचवतो. यातला कोणता शब्द निवडायचा, यात त्या माणसाने काय करावे याचे उत्तर दडलेले आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी मूळ मुद्दा. परदेशातला वार्ताहर ओळखायचा तो कुठे उभा आहे यावरून नाही. तो कुणासाठी लिहितो, कुणाला उत्तर देतो, यावरून ओळखायचा. ही कसोटी लावायला वसईइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. या पट्ट्यातून गेली दोन हजार वर्षे जगाला बातम्या जात आहेत. या पट्ट्यासाठी जगातून बातमी पाठवणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेही नाहीत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत ‘सुप्पारा’ म्हणून आपले सोपारे आहे. लिहिणाऱ्याला सोपाऱ्याच्या लोकांशी कर्तव्य नव्हते. इजिप्तहून निघणाऱ्या व्यापाऱ्याला कुठल्या बंदरात काय मिळेल, एवढेच त्याला सांगायचे होते. १३२१ साली जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन साधू चार फ्रान्सिस्कन सोबत्यांबरोबर ठाण्याला आला. तो सोपाऱ्याकडे गेला असताना त्या चौघांची ठाण्यात हत्या झाली. त्याने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला आणून पुरले आणि मग आपल्या धर्मबंधूंना लॅटिनमध्ये पत्रे लिहिली. त्या पत्रांत काय नाही? घटना आहे, साक्षीदार आहेत, स्थानिक सत्तेचे वर्णन आहे, पुढे कुणी कुठे यावे याची सूचना आहे. आजच्या भाषेत तो सोपाऱ्याचा परदेशी वार्ताहरच. फरक इतकाच की त्याचा वाचक युरोपातल्या मठांत बसला होता.

पुढे पोर्तुगीज आले आणि वसई त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी झाली. जेझुइटांच्या वार्षिक पत्रांतून येथील हकिकती रोमला जाऊ लागल्या. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ मध्ये वसईला येऊन गेला. त्याने आपल्या प्रवासाची हकिकत १६९८ साली छापली तीच मुळी आठ पत्रांच्या रूपात. १६९५ मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी आला आणि त्यानेही वसईचे वर्णन लिहून ठेवले. या सगळ्यांचे आपण ऋणी आहोत. सतराव्या शतकातली वसई कशी दिसत होती हे सांगताना आपल्याला त्यांचेच दाखले द्यावे लागतात. पण ऋण मान्य करताना हेही लक्षात ठेवावे की यांच्या लिखाणात वसईकर हा विषय आहे, वाचक नाही. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे तपासायला, खोडून काढायला तो तिथे नव्हता.

या विषमतेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गोन्सालो गार्सिया. हा वसईत जन्मलेला माणूस तरुणपणी जपानला गेला, तिथे व्यापार केला, जपानी भाषा शिकला, पुढे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. १५९३ मध्ये मनिलाहून स्पॅनिश शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले तेव्हा दुभाषा होता तो हा वसईकर. परक्या देशाची भाषा, बाजार आणि दरबार आतून ओळखणारा माणूस म्हणजे उत्तम वार्ताहराचा कच्चा मालच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर खिळून भाल्यांनी मारण्यात आले, त्यात गोन्सालो होता. त्या घटनेचा वृत्तांत लिहिला लुईस फ्रॉइश या पोर्तुगीज जेझुइटाने आणि तो गेला युरोपला. १८६२ मध्ये रोमने त्या सर्वांना संत म्हणून घोषित केले. आज वसईत गोन्सालो गार्सियाच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे. पण वसईचा माणूस नागासाकीला मेला ही हकिकत लिस्बन-रोमसाठी लिहिली गेली आणि नंतर तिकडून इकडे आली. वसईकर वसईकराविषयी जे जाणतो तेही तिसऱ्या गावाच्या वाटेने. चारशे वर्षांनंतर बातमीची वाट फारशी बदललेली नाही. लिस्बन-रोमच्या जागी लंडन-न्यूयॉर्क आले, एवढेच.

आता आरसा उलटा धरू. मराठ्यांच्या दृष्टीने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसई हाच परदेश होता. त्या काळच्या मराठी कागदांत या मुलखाला ‘फिरंगाण’ म्हणत. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यामागे केवळ तलवार नव्हती. आतल्या मुलखाची खडान्‌खडा माहिती पुण्याला पोचत होती आणि ती पोचवण्यात अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी इथली माणसे होती. कोणत्या कोटात किती शिबंदी, खाडीला उतार कुठे, रयत कुणावर नाराज, हे सगळे पेशव्यांपर्यंत जात होते. फिरंगाणातून पुण्याला बातमी पाठवणारा हा माणूस परदेशी वार्ताहर म्हणायचा की हेर? काम दोघांचे सारखे दिसते. फरक पडतो तो बातमी कुणाच्या हाती जाते यात. ती एका धन्याच्या हाती गेली की हेरगिरी आणि दहा हजारांच्या हाती गेली की पत्रकारिता.

वकिलाचेही तेच. पेशव्यांचे हिंगणे घराण्यातले वकील दिल्लीहून जी पत्रे पाठवत ती आज इतिहासकारांना बातम्यांची खाण वाटतात. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि एक तपाहून अधिक काळ तिथे राहिले. कंपनीचे भागधारक, पार्लमेंट, वृत्तपत्रे यांच्यामध्ये वावरून ब्रिटिश सत्ता कशी चालते हे इतक्या जवळून पाहिलेला मराठी माणूस त्या पिढीत दुसरा क्वचितच असेल. त्यांच्याजवळ नजर होती, वेळ होता, ओळखी होत्या. नव्हता तो सार्वजनिक वाचक. त्यांनी पाहिलेले लंडन एका दरबारासाठी होते. दरबार बुडाला आणि ते ज्ञानही दप्तरात गेले.

सार्वजनिक वाचक आला तो छापखान्याबरोबर. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. रॉयटर वृत्तसंस्थेने १८६६ मध्ये मुंबईत बस्तान बसवले आणि १८७० मध्ये समुद्राखालून मुंबई-लंडन तार जोडली गेली. महिन्यांची बातमी तासांवर आली. पण तारेची दोन टोके सारखी नव्हती. जगाची बातमी आधी लंडनला जमा व्हायची आणि तिथून मुंबईला यायची. कैरो मुंबईच्या वाटेवर असूनही कैरोची बातमी लंडनची दृष्टी लावून येत असे. तार येण्याच्या आधीही १८५३ मध्ये ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’साठी हिंदुस्थानाविषयी लेख लिहिले ते कार्ल मार्क्सने, लंडनमध्ये बसून, हिंदुस्थानात पाऊल न टाकता.

या एकेरी रस्त्यावर उलट दिशेने चालणारे मराठी लेखक मोजके, पण कसदार निघाले. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत राहून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले, ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव नीट वाचले तर प्रवासवृत्त दुसरे आणि लोकस्थिती पहिली आहे. आपण काय पाहिले यापेक्षा तिथले लोक कसे राहतात, संस्था कशा चालवतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला कळावे ही बाईंची भूमिका. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनला कायदा शिकणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनी मुंबईच्या ‘विहारी’ पत्रासाठी लंडनची बातमीपत्रे लिहिली. त्यांच्या राजकारणाशी कुणी सहमत असो वा नसो, पत्रकारितेच्या इतिहासात या बातमीपत्रांची जागा ठरलेली आहे. साम्राज्याच्या राजधानीत बसून, साम्राज्याच्या प्रजेच्या भाषेत, प्रजेच्या हितासाठी केलेले ते वार्तांकन होते. रॉयटर लंडनहून लिहीत होते आणि सावरकरही लंडनहून लिहीत होते. शहर तेच असूनही बातमी वेगळी झाली, कारण वाचक वेगळा होता. पुढे डी. व्ही. ताम्हणकरांनी ‘केसरी’साठी लंडनहून लिहिले. त्यांची नावाजलेली पुस्तके मात्र इंग्रजीत आली.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा वाढायला हवी होती. झाले वेगळेच. पुण्यात वाढलेले दिलीप पाडगावकर १९६८ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे पॅरिस प्रतिनिधी झाले. ज्या वर्षी पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले त्याच वर्षी एक मराठी तरुण त्या शहरातून लिहू लागला, पण इंग्रजीत. त्याच समूहाच्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्याच सुमारास गोविंद तळवलकर संपादक झाले. त्यांनी जागतिक राजकारणावर जे लिहिले ते वाचून मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी सोव्हिएत रशिया समजून घेतला. पण तो व्यासंगाचा विजय होता, ग्रंथालयातून आलेला. निळू दामले अफगाणिस्तानात गेले, जेरुसलेमला गेले, इस्तंबूल ते कैरो फिरले आणि तिथल्या माणसांशी बोलून पुस्तके लिहिली. तो स्वतःच्या हिमतीवर केलेला उद्योग होता. त्यामागे कुठल्या वृत्तपत्राची कायमची नेमणूक नव्हती.

मराठीत परदेशाविषयीचे लेखन अशा तीन वाटांनी आले : पत्र, प्रवास आणि व्यासंग. तिन्ही वाटांनी उत्तम गद्य दिले. चौथी वाट, नेमणुकीची, आपण पक्की बांधलीच नाही. आणि बातमी खरी त्या चौथ्या वाटेनेच येते. कारण बातमीला लागते ती पुनरावृत्ती. त्याच कचेरीत तिसऱ्यांदा गेल्यावर कारकून खरे बोलतो. तोच कागद दोन वर्षांनी पुन्हा मागितल्यावर फरक दिसतो. वसईत हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाच्या आगेमागे इथल्या जमिनी, विहिरी आणि पाणी टँकरच्या धंद्याकडे आणि इमारतींकडे वळू लागले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा झेंडा उचलला. दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. गावातल्या विहिरींची पातळी ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिली होती त्यांच्या बोलण्याला वजन होते. बाहेरून एका दिवसासाठी आलेल्या पत्रकाराला हिरवी वाडी हिरवीच दिसली असती. ज्या कारणाने वसईला वसईचा वार्ताहर लागतो, त्याच कारणाने मस्कतला मस्कतचा लागतो.

असा वार्ताहर नसण्याची किंमत कोण मोजतो, हे पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर विचारावे. इथले कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर मासेमारीला जातात. समुद्रात रेषा आखलेली नसते. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने बोट पकडली की माणसे कराचीच्या तुरुंगात जातात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या बदलतात. वर्तमानपत्रात आकडा येतो. पण बराकीत माणसे कशी आहेत, कुणाची शिक्षा संपूनही सुटका अडली आहे, कुणाचे नागरिकत्व पडताळायचे राहिले आहे, कुठला कागद कुठल्या टेबलावर पडून आहे, हे विचारायला भारतीय वार्ताहर पाकिस्तानात राहतच नाही. पूर्वी दोन्ही देशांनी एकमेकांचे दोन-दोन पत्रकार ठेवायचे अशी व्यवस्था होती. मे २०१४ मध्ये ‘द हिंदू’च्या मीना मेनन आणि पीटीआयचे प्रतिनिधी यांना पाकिस्तान सोडायला सांगितले गेले आणि ती खुर्ची रिकामी झाली. मीना मेनन त्याआधी मुंबईत पत्रकारिता करत होत्या. इस्लामाबादेत त्यांना शहराबाहेर जाण्याची मुभा नव्हती. म्हणजे खुर्ची भरलेली होती तेव्हाही कराची आवाक्याबाहेरच होती. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला आणि मृतदेह घरी यायला महिन्याहून अधिक काळ लागला. ही बातमी आपल्यापर्यंत पोचली ती कैद्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. जिथे वार्ताहर नसतो तिथे त्याचे काम नातेवाईक आणि कार्यकर्ते करतात, पण मृत्यूनंतरच बहुधा त्यांचे ऐकले जाते.

आखाताची गोष्ट याहून मोठी. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतून, किनाऱ्यावरच्या गावांतून, विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींतून माणसे आखातात, जहाजांवर, कॅनडा-ऑस्ट्रेलियात कामाला गेली. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथे अडकलेल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे मुंबईला आणण्यात आले. पुढे या घटनेवर चित्रपट निघाला, विक्रमांच्या यादीत नोंद झाली. पण वाळवंटातल्या छावण्यांत काय चालले होते याचे मराठीतले समकालीन वार्तांकन शोधायला गेले तर हाती फार थोडे लागते. २०२२ मध्ये वैद्यकीय विद्यार्थी युद्धामुळे युक्रेनमध्ये अडकले तेव्हा वाहिन्यांनी त्यांना व्हिडिओ कॉल लावले. तळघरात बसलेले वीस वर्षांचे पोर हेच आपले कीव्ह प्रतिनिधी! त्या मुलांनी धीराने सांगितले, पण भेदरलेल्या माणसाला साक्ष देता येते, तपास करता येत नाही.

इथे केरळकडे पाहावे लागते. मल्याळम वृत्तपत्रांनी आपला वाचक आखातात गेला हे ओळखले आणि ती त्याच्या मागोमाग गेली. ‘गल्फ माध्यमम’ १९९९ मध्ये बहारीनमधून निघू लागले. इतर मोठ्या मल्याळम दैनिकांनी आणि वाहिन्यांनीही दुबईत माणसे बसवली. परिणाम असा की आखातातल्या एखाद्या देशात कामगारांच्या व्हिसाचा नियम बदलला की कोझिकोडच्या घरात त्याचा अर्थ आपल्या भाषेत कळतो. जून २०२४ मध्ये कुवेतमधल्या मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४० हून अधिक भारतीयांचा मृत्यू झाला. मृतांत केरळचे लोक सर्वाधिक होते. ती बातमी मल्याळी वाचकाने आपल्या वार्ताहराकडून वाचली, मराठी वाचकाने वृत्तसंस्थेकडून. केरळातून आखातात गेलेल्यांची संख्या मोठी आहे, हे खरे. पण महाराष्ट्राचा मराठी वाचकही काही थोडका नाही आणि इथल्या वृत्तपत्रांचा पसारा केरळपेक्षा कमी नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला पैशाचा. जिल्ह्याच्या वार्ताहराला धड मानधन न देणारे वृत्तपत्र दुबईला माणूस कुठून ठेवणार? आक्षेप खरा आहे, पण तो दोन्हीकडून कापतो. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे किरकोळ रक्कम द्यायची, त्यालाच जाहिराती गोळा करायला लावायचे आणि मग ‘आमचे जाळे गावोगाव आहे’ म्हणायचे, ही सवय जिथे आहे तिथे परदेशातला माणूस चैनच वाटणार. इंग्रजीतून आलेल्या ‘स्ट्रिंजर’ या शब्दामागे असे सांगतात की छापून आलेल्या मजकुराची लांबी सुतळीने मोजून पैसे देत. सुतळी गेली, मोजणी राहिली. घरातल्या वार्ताहराला पगार देण्याची शिस्त आधी हवी, तरच बाहेरचा वार्ताहर शक्य होईल.

दुसरा आक्षेप : वृत्तसंस्था असताना वेगळा माणूस कशाला? युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला तेव्हाच हा वाद जगभर झाला होता. त्या आयोगावर भारताचे बी. जी. व्हर्गीस होते. जगाच्या बातम्यांचा प्रवाह मोजक्या देशांच्या मोजक्या संस्थांच्या हाती आहे, ही तक्रार त्यात होती. संस्था वाईट असतात असे नाही. त्या आपल्या सरासरी ग्राहकासाठी लिहितात आणि नालासोपाऱ्याची परिचारिका किंवा सातपाटीचा खलाशी त्या सरासरीत येत नाही. शिवाय या चर्चेत आपण दिल्लीच्या इंग्रजी माध्यमांना लंडनविरुद्ध उभे करून थांबलो. दिल्ली आणि वसई यांच्यातला तोच प्रश्न विचारायचा राहून गेला.

तिसरा आक्षेप ताजा आहे : आता घराघरात फोन आहे, जो तो वार्ताहर आहे. नातेवाईक दुबईहून पाच मिनिटांत कळवतो. पण नातेवाईक काय कळवतो? आपण खुशाल आहोत, हे. पगार तीन महिने थकला आहे हे तो आईला सांगत नाही. मालकाने पासपोर्ट काढून घेतला हे तर मुळीच नाही. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘एकता’ आणि ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’ यांसारखी नियतकालिके चिकाटीने चालवली, पण ती मुख्यतः तिथल्या लोकांनी तिथल्या लोकांसाठी लिहिलेली. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘अमेरिकेहून’ येणारी सदरे वाचनीय असतात आणि त्यांत बर्फ असतो, गणेशोत्सव असतो. बेकायदा राहणारा मराठी माणूस, घरात मार खाणारी सून, बुडालेले दुकान यांना तिथे जागा मिळत नाही. जो समाजात राहतो तो समाजाविषयी लिहायला कचरतो. म्हणूनच पगारी, परका, चौकस माणूस लागतो. बीबीसीची मराठी सेवा २०१७ मध्ये सुरू झाली आणि जगाच्या बातम्या मराठीत येण्याचे प्रमाण वाढले, हे चांगलेच झाले. तरी तिच्यावरचे नाव लंडनच्या संस्थेचे आहे. मराठी वाचकाने पैसे मोजून उभी केलेली नजर ती नव्हे.

आता शब्दांच्या निवडीकडे. परदेशात बसवलेल्या माणसाला ‘प्रतिनिधी’ म्हणण्यात एक धोका आहे. परदेशात गेले की पत्रकाराला आपण देशाचे प्रतिनिधी आहोत असे वाटू लागते. युद्ध, क्रिकेट, पंतप्रधानांचा दौरा या प्रसंगी आपल्या वाहिन्यांचे चेहरे पाहिले की हे कळते. यजमान देशाविषयी सांगण्याऐवजी तो आपल्याच देशाचे कौतुक आपल्यालाच ऐकवतो. ‘बातमीदार’ शब्दाला हेराची सावली आहे आणि शत्रुदेशात ती सावली जीवघेणी ठरू शकते. राहता राहिला ‘वार्ताहर’. त्याच्याकडे अधिकार नाही, गुप्तता नाही, फक्त वाहून आणण्याची जबाबदारी आहे. त्याला ‘विदेशी’ किंवा ‘परराष्ट्र’ अशी झूल घालण्याचीही गरज नाही. ‘वसईचा वार्ताहर’ म्हणतो तसा ‘मस्कतचा वार्ताहर’ म्हणावे. दोघांना एकाच मापाने मोजावे, दोघांच्या चुका सारख्याच छापाव्यात.

आणि वसईकराने आरशाची दुसरी बाजूही विसरू नये. नालासोपाऱ्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसाच्या गावी हा परिसर ‘परदेस’ आहे. इथल्या चाळी, इथली भाडी, बेकायदा इमारतींवरची कारवाई ही त्याच्या जौनपूर-आझमगडकडच्या घरासाठी दूरदेशची बातमी आहे आणि ती त्याच्या भाषेत, त्याच्या बाजूने विचारणारा वार्ताहर इथेही क्वचितच दिसतो. आपण दुबईत जे मागतो ते इथे दुसऱ्यालाही मिळायला हवे.

करण्यासारखे काम अवघड नाही. एका दैनिकाला झेपत नसेल तर तीन-चार मराठी दैनिकांनी मिळून दुबईला एक वार्ताहर ठेवावा, तीन वर्षांसाठी, पूर्ण पगारावर, आणि त्याला मोजक्या गोष्टी नेमून द्याव्यात : कामगार न्यायालये, रुग्णालये, भारतीय वाणिज्य दूतावासातली तक्रारीची खिडकी, भरती करणाऱ्या दलालांची इथली आणि तिथली साखळी. मस्कत, दोहा, कुवेत त्याच्या टप्प्यात येतील. पहिल्या वर्षी त्याच्या बातम्या पान एकवर येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी इथल्या दलालांचे फोन संपादकांना येऊ लागतील. तेव्हा ती नेमणूक वसूल झाली असे समजावे.